फिरत्या वस्तूचा फोटो : आधी कोन ठरवा!

आपल्या होस्टेलवर गंमत म्हणून फोटोंची स्पर्धा चालते हे बहुतेकांना माहीत आहेच. फी नाही, परीक्षक नाहीत. फोटो मोबाईलवरून पाठवायचे, मतं सगळ्यांनी द्यायची आणि जो जिंकेल त्याला कॅन्टीनचा वडापाव. या वेळचा विषय आहे 'फिरणाऱ्या वस्तू'. ऐकायला एकदम सोपा! प्रत्येक खोलीत डोक्यावर एक पंखा फिरतोच आहे. पण आत्तापर्यंत आलेले फोटो बघितले तर दोनच प्रकार दिसतात. एका प्रकारात पंखा लोडशेडिंगमध्ये बंद पडल्यासारखा दिसतो, आणि दुसऱ्यात पंख्याच्या जागी नुसतं राखाडी धुकं. मग सगळे एकमेकांना विचारतात, "कॅमेरा कुठला वापरू?"

कॅमेरा कुठलाही चालेल. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : फोटो निघत असताना ती वस्तू किती अंशांतून फिरली पाहिजे? हा कोन आधी ठरवला की बाकीचं सगळं नुसतं गणित आहे, आणि गणिताला आपण इंजिनीअरिंगवाले काय घाबरणार! (एम-थ्रीचा विषय काढू नका.)

एकच सूत्र

शटर उघडं असतं तेवढ्या वेळात वस्तू जेवढी फिरते, तेवढी ती फोटोत पसरते. एका फेऱ्यात ३६० अंश आणि एका मिनिटात ६० सेकंद. ३६० भागिले ६० म्हणजे ६. म्हणून,

कोन (अंशांत) = ६ × आर.पी.एम. × शटरचा वेळ (सेकंदांत)

खात्री करायची असेल तर घड्याळाचा सेकंदकाटा बघा. त्याचा वेग १ आर.पी.एम. आणि तो एका सेकंदात बरोबर ६ अंश सरकतो. झालं, सूत्र सिद्ध!

आता पंखा घेऊ. समजा तो ३६० आर.पी.एम.ने फिरतो आहे. म्हणजे सेकंदाला २१६० अंश. शटर १/१००० सेकंद ठेवलं तर पातं जेमतेम २ अंश सरकतं, म्हणून पंखा बंद असल्यासारखा दिसतो. १/६० ठेवलं तर ३६ अंश. पातं ओळखू येतं, पण त्याच्या कडा हवेत विरघळतात. १/१८ सेकंदात मात्र तो १२० अंश फिरतो. तीन पात्यांच्या पंख्यात दोन पात्यांमधलं अंतरही १२० अंशच असतं. म्हणजे एक पातं दुसऱ्याच्या जागी जाऊन पोचलं आणि मधे मोकळी जागाच उरली नाही. १/१८ पेक्षा सावकाश शटर ठेवाल तर पाती गायब आणि धुकं हजर. आपल्या स्पर्धेतल्या अर्ध्या फोटोंचं हेच झालं आहे. संध्याकाळी खोलीत उजेड कमी, त्यामुळे कॅमेऱ्याने ऑटोमध्ये स्वतःच १/१५ निवडलं!

किती अंश छान दिसतात? याचा नियम नाही, पण तीन पात्यांच्या पंख्याला १५ ते ४० अंशांच्या दरम्यान 'पातंही दिसतं आणि वेगही दिसतो' असा मेळ बसतो. पाती जास्त असतील तर कोन कमी घ्या. थोडक्यात, दोन पात्यांमधल्या कोनाच्या एक-तृतीयांशाच्या आत राहिलात तर सुरक्षित.

वेग माहीत नसेल तर?

टॅकोमीटर कोणाकडे असतो? काळजी नको, हेच सूत्र उलटं वापरा. पंखा बंद करून एका पात्याच्या टोकाशी पांढऱ्या कागदाचा छोटा तुकडा चिकटवा. पंखा चालू करा आणि खालून सरळ वर बघत १/३० सेकंदाने फोटो काढा. कागदाचा एक पांढरा कंस उमटेल. तो कोन कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजा. (कंपासपेटी फेकून दिली असेल तर पहिल्या वर्षाच्या मुलांकडे मिळेल.) समजा ५० अंश आला. आर.पी.एम. म्हणजे कोन × ३० भागिले ६, म्हणजे २५०. कॅमेऱ्याचा फुकटात टॅकोमीटर झाला! शटरचा वेळ मोबाईलच्या 'प्रो' मोडमध्ये ठरवता येतो. ती सोय नसेल तर काढलेल्या फोटोचे 'डिटेल्स' उघडून बघा, तिथे तो लिहिलेला असतो.

थांबवायचं कधी?

काही जण म्हणतील, मग अगदी वेगवान शटरने वस्तू थिजवायचीच नाही का? थिजवायची, पण कुठली ते बघून. पंखा थांबलेला असतानाही तसाच लटकतो, त्यामुळे थिजवलेला फिरता पंखा आणि बंद पंखा यांत फरक कळत नाही. भोवऱ्याचं तसं नाही. भोवरा आपल्या आरेवर तिरका उभा राहिलेला दिसला की तो फिरतोच आहे, कारण न फिरणारा भोवरा तिरका उभा राहूच शकत नाही. तो केव्हाच आडवा पडला असता. म्हणून भोवऱ्याचा १/२००० सेकंदाचा अगदी स्पष्ट फोटोसुद्धा जिवंत वाटतो.

ओली छत्री हे दुसरं उदाहरण. पावसात छत्रीचा दांडा हातात धरून गरकन फिरवा. समजा सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १२० आर.पी.एम. १/१०० सेकंदात छत्री फक्त ७ अंश फिरते, पण तिच्या कडेवरून सुटलेला थेंब साधारण ६ सेंटिमीटर जातो आणि त्याची रेघ उमटते. रेघा नीट बघा. त्या केंद्रापासून सरळ बाहेर जात नाहीत, कडेला स्पर्शिकेसारख्या जातात. 'सेंट्रिफ्युगल फोर्स थेंबाला बाहेर फेकतो' असं व्हायव्हात सांगणाऱ्यांनी हा फोटो जरूर काढावा. जमिनीवर उभं राहून बघणाऱ्याला थेंबावर असा बाहेर ढकलणारा कुठलाच फोर्स दिसत नाही. थेंब फक्त सुटला आणि ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने गेला.

म्हणजे हिशेब असा : फिरण्याचा पुरावा फोटोत दुसऱ्या कशातून मिळत असेल तर वस्तू खुशाल थिजवा. मिळत नसेल तर पुरावा म्हणून कोन ठेवा.

सावकाश फिरणारे

आता उलट टोक. नवरात्रात कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळ जत्रा भरते. तिथला आकाशपाळणा हा विषयाला अगदी फिट. समजा तो १० सेकंदांत एक फेरा घेतो, म्हणजे ६ आर.पी.एम. किंवा सेकंदाला ३६ अंश. त्याच्यावर १२ आऱ्या असतील आणि प्रत्येकीवर दिवे असतील तर दोन आऱ्यांमध्ये ३० अंश. एक सेकंदाचा फोटो काढलात तर एका आरीवरच्या दिव्याची रेघ पुढच्या आरीच्या जागेपर्यंत पोचते आणि प्रकाशाची पूर्ण वर्तुळं तयार होतात. अर्ध्या सेकंदात १८ अंश, म्हणजे तुटक तुटक कंस. दोन्ही छान दिसतात, पण कुठला हवा ते शटर दाबायच्या आधी ठरवायला हवं. खाली तिकिटाच्या रांगेतली माणसं मात्र शक्यतो स्थिर असलेला क्षण पकडा. काहीतरी स्थिर असलं की फिरणारं जास्त फिरतं.

एवढा वेळ हात स्थिर राहत नाही. ट्रायपॉड नसेल तर तांदळाची अर्धी भरलेली पिशवी कट्ट्यावर ठेवून तिच्यात फोन खुपसा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. बोटाचा धक्काही लागत नाही.

सगळ्यांत सावकाश फिरणारी वस्तू तर आपल्या पायाखाली आहे! पृथ्वी साधारण २४ तासांत एक फेरा घेते, म्हणजे तासाला सुमारे १५ अंश. काळोख्या जागी कॅमेरा उत्तरेकडे लावून तासभर फोटो घेत राहिलात आणि ते एकावर एक चढवलेत, की तारे ध्रुवताऱ्याभोवती १५ अंशांचे कंस काढतात. आपल्या भागातून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १९ अंश वर असतो, कारण आपला अक्षांशच १९ आहे. कल्याण-डोंबिवलीच्या उजेडात हे जमत नाही. वांगणीला खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होत आले आहेत, ते काळोखासाठीच. मुरबाडच्या पुढे माळशेज घाटाकडे गेलात तरी चालेल, पण एकटं जाऊ नका आणि रेक्टरना सांगून जा.

उजेडाने थांबवणं

भोवरा खोलीत फिरवला तर १/२००० ला फोटो काळा येतो. इथे शटरऐवजी फ्लॅशच शटरचं काम करतो. खोली अंधारी ठेवायची, शटर अर्धा सेकंद उघडं ठेवायचं आणि मधे एकदाच फ्लॅश मारायचा. कॅमेऱ्यावर लावायचा वेगळा फ्लॅश अगदी कमी पॉवरवर ठेवला तर त्याचा लखलखाट साधारण १/२०००० सेकंद किंवा त्याहून कमी टिकतो. १२०० आर.पी.एम.चा भोवरा तेवढ्या वेळात अर्धा अंशसुद्धा फिरत नाही. मोबाईलवरचा 'फ्लॅश' मात्र साधा एल.ई.डी. दिवा असतो. तो फोटो निघेपर्यंत पेटलेलाच राहतो, त्यामुळे ही करामत त्याला जमत नाही.

या प्रकाराचा गुरू म्हणजे अमेरिकेतल्या एम.आय.टी.चे हॅरॉल्ड एजर्टन. दुधाच्या थेंबाचा मुकुट झालेला १९५७ चा तो प्रसिद्ध फोटो त्यांचाच. पण आपल्या इलेक्ट्रिकलवाल्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढेच आहे. एजर्टन मुळात इलेक्ट्रिकलचे इंजिनीअर. फिरत्या सिंक्रोनस मोटरचा अभ्यास करताना रोटर थांबल्यासारखा दिसावा म्हणून त्यांनी स्ट्रोबोस्कोपचा दिवा वापरला आणि १९३१ साली डॉक्टरेट मिळवली. मुकुट नंतर आला, मोटर आधी!

आपल्या मशीन्स लॅबमधला स्लिप मोजायचा प्रयोग हाच आहे. ५० हर्ट्‌झच्या विजेवर निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. चार पोलच्या मोटरचा सिंक्रोनस वेग १५०० आर.पी.एम. सूत्रात घाला : ६ × १५०० × १/१०० = ९० अंश. म्हणून शाफ्टवरच्या चकतीवर चार काळे आणि चार पांढरे भाग रंगवतात, म्हणजे दर ९० अंशांनी चित्र तेच. मोटर १५०० ने फिरली असती तर चकती थांबलेली दिसली असती. प्रत्यक्षात ती १४४० ने फिरते, म्हणजे दर लुकलुकीला ८६.४ अंश. दर वेळी ३.६ अंश कमी पडतात. सेकंदाला १०० लुकलुकी, म्हणजे चकती सेकंदाला एक फेरा उलटी फिरताना दिसते. मिनिटाला ६०. हीच स्लिप! लॅबमध्ये परवानगी मिळाली तर याचा फोटो स्पर्धेत पाठवा, वडापाव तुमचा.

आता एक गंभीर गोष्ट. हाच खेळ वर्कशॉपमध्ये धोक्याचा आहे. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाईटचा आणि काही स्वस्त एल.ई.डी. दिव्यांचा उजेडही सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. तीन जबड्यांचा लेथचा चक १००० आर.पी.एम.ला दर लुकलुकीत ६० अंश फिरतो. डोळ्यांना तो सहा जबड्यांचा, जागच्या जागी उभा असलेला चक वाटू शकतो. २००० ला तर तीनच जबडे दिसतील. म्हणून कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर जोडतात आणि मशीनवर वेगळा दिवा लावतात. फोटोच्या नादात चालू मशीनजवळ वाकू नका. ओढणी, मोकळे केस, गळ्यातली आय-कार्डची दोरी यांपैकी काहीही फिरत्या शाफ्टच्या जवळ नको. लांबून झूम करा. डोळ्याला थांबलेलं दिसलं तरी स्विच बंद आहे का ते आधी बघा.

मोबाईलमधली वाकडी पाती

मोबाईलने पंखा काढला की कधी कधी पाती केळ्यासारखी वाकतात. फोन बिघडलेला नाही. मोबाईलचा सेन्सर सगळं चित्र एका क्षणात वाचत नाही. तो वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. समजा पूर्ण वाचायला १/५० सेकंद लागला. तेवढ्यात ३६० आर.पी.एम.चा पंखा ४३ अंश पुढे गेलेला असतो. म्हणजे वरचं पातं जुन्या क्षणाचं आणि खालचं नव्या क्षणाचं. जे पातं वाचनाच्याच दिशेने चाललेलं असतं ते ताणलेलं दिसतं, जे उलट येत असतं ते आखूड-बारीक दिसतं. हा दोष टाळायचा तर रेग्युलेटर कमी करा. पण मला विचाराल तर टाळू नका! एकाच फोटोत वेगवेगळे क्षण, यापेक्षा 'फिरणाऱ्या वस्तू' आणखी काय असतं?

आमच्या मोहन्याचा धागा

इथे थोडं घरचं सांगते. मी मोहन्याची. आंबिवली स्टेशनजवळचं हे गाव वर्षानुवर्षं एन.आर.सी. म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या नावाने ओळखलं जायचं. कंपनी २००९ साली बंद पडली, तेव्हा मी अगदी लहान होते. माझे आजोबा तिथे स्पिनिंग खात्यात होते.

रेयॉनचा धागा करायची एक पद्धत या लेखाच्या विषयातच बसते. चार्ल्स टॉपहॅम या इंग्रज माणसाने १९०० साली ती काढली. ॲसिडमधून बाहेर आलेला ओला धागा एका नरसाळ्यातून वेगाने फिरणाऱ्या भांड्यात सोडतात. धागा भांड्याच्या भिंतीला जाऊन चिकटतो, नरसाळं सावकाश वर-खाली होतं आणि आतल्या बाजूने धाग्याचे थर चढून एक पोकळ वडी तयार होते. तिला 'केक' म्हणतात. शिवाय भांड्याच्या दर फेऱ्याला धाग्याला एक पीळ पडतो. समजा मिनिटाला ८० मीटर धागा आणि ८००० फेरे, तर मीटरला १०० पीळ. गुंडाळणं आणि पिळणं एकाच फिरण्यात!

अशा भांड्याचा फोटो काढायचा झाला तर? सूत्राने सेकंदाला ४८००० अंश. १/१००० ला सुद्धा ४८ अंश. आणि भांडं इतकं गोल, गुळगुळीत की फिरतं आणि थांबलेलं अगदी सारखंच दिसणार. अवघड विषय आहे. आमच्या घरच्या अल्बममध्ये कंपनीच्या गेटवरचे, कॉलनीतल्या गणपतीचे, आजोबांच्या निरोप समारंभाचे फोटो आहेत, पण फिरणाऱ्या मशीनचा एकही नाही. ती रोजच फिरत होती, म्हणून कोणाला फोटो काढावासा वाटला नाही. आजोबा हाताने गोल करून दाखवतात, "एवढं भांडं, असं फिरायचं." तेवढंच आता आमच्याकडे आहे.

म्हणून माझी एक विनंती. स्पर्धेसाठी पंखा काढाच, पण तुमच्या गावातलं, गल्लीतलं असं काहीतरी शोधा जे आज फिरतंय आणि उद्या फिरेलच असं नाही. घुंगरं लावलेला उसाचा चरक, पट्ट्यावर चालणारी पिठाची गिरणी, कुंभाराचं चाक, चाकूला धार लावणाऱ्याचं सायकलवरचं चाक. चालवणाऱ्याची परवानगी घ्या, नाव विचारा, आणि काढलेला फोटो त्यांना नक्की दाखवा.

शटर दाबायच्या आधी

१. वस्तू थांबलेली असतानाही अशीच दिसेल का? दिसत असेल तर कोन ठेवा, नसेल तर थिजवा.

२. दोन पात्यांमधला किंवा दोन दिव्यांमधला कोन मोजा आणि त्यावरून हवा तो कोन ठरवा.

३. वेगाचा अंदाज घ्या. कागदाचा तुकडा किंवा मनगटी घड्याळ पुरतं.

४. शटरचा वेळ = कोन भागिले (६ × आर.पी.एम.).

५. उजेड जास्त असेल तर संध्याकाळची वाट बघा, किंवा लेन्ससमोर गॉगलची काच धरा. कमी असेल तर आय.एस.ओ. वाढवा किंवा फ्लॅश वापरा.

६. फ्रेममध्ये एक तरी वस्तू स्थिर ठेवा.

आणि हो, फोटोखाली नावाबरोबर शटरचा वेळ आणि मोजलेला कोन लिहायला विसरू नका. पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांना त्याचाच उपयोग होईल. चला, लागा कामाला. पंखा तीन नंबरवर ठेवा आणि कंपासपेटी शोधा!